कुंपण गेलं की मीही गेले

"हॅलो?

…हॅलो, कोण बोलतंय? …मोठ्याने बोल, नळ चालू आहे माझा. …कोण, ब्रेट? थांब हं, नळ बंद करते."

नोएलीनने नळ बंद केला नाही. उलट थोडा आणखी सोडला. रविवारी सकाळी दहाला कुणाचा फोन येतो, हे ओळखायला तिला ना चष्मा लागत होता ना शांतता. ब्रेट तिचा धाकटा मुलगा, पंचेचाळीस वर्षांचा. सिडनीत राहायचा, तिच्यापासून गाडीने तीन तासांवर, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी आईला फोन करायचा. आज रविवार तिसरा होता. म्हणजे बातमी पोचली होती. गेले नऊ दिवस ती या फोनची वाट बघत होती. आता आलाच आहे तर त्याला जरा ताटकळू दे. भिंतीवरच्या जुन्या फोनची गुंडाळीची वायर ताणली की बरोबर सिंकपर्यंत पोचायची आणि सिंकसमोर खिडकी होती. सगळी भानगड त्या खिडकीतून काय दिसावं याचीच होती.

"हां, बोल आता. …बरी आहे. …गुडघाही बरा आहे. …कंबरही. अरे, एकेक अवयव विचारत बसलास तर जेवायची वेळ होईल. कशाला फोन केलास ते सांग.

…कुठला बोर्ड?

…अच्छा, तो बोर्ड. तुला कुणी सांगितलं? …ट्रेंटने. ट्रेंट म्हणजे तोच ना, घरं विकणारा, मोजे न घालता बूट घालतो तो? …तो कशाला आला होता माझ्या दारात? …सहज. बरं, सहज. आपल्या रस्त्याला पुढे फक्त समुद्र आहे, ब्रेट. तिथं माणूस एक तर पोहायला येतं, नाही तर घर बघायला. आणि त्याच्या खांद्यावर काही टॉवेल नव्हता.

…मोठा आहे, हो. …किती म्हणजे, आपल्या गॅरेजची दोन दारं शेजारी-शेजारी ठेव. …मी कुठून लावणार? कौन्सिलची माणसं आली होती क्रेन घेऊन. भली होती पोरं, चहा घेतला त्यांनी. …काय लिहिलंय म्हणजे? ट्रेंटला वाचता येत नाही का? …माझ्या तोंडून ऐकायचंय. बरं. थांब, चष्मा आणते."

चष्मा तिच्या नाकावरच होता. तिने सावकाश दहा आकडे मोजले.

"हां, ऐक. 'या ठिकाणची झाडे विष घालून मारण्यात आली आहेत. झाडे पूर्वीइतकी उंच होईपर्यंत हा फलक काढला जाणार नाही. कोणास माहिती असल्यास कळवावे.' आणि खाली नंबर. …अरे, त्यात नवीन काय? टेकाडावरची ती सुरूची झाडं आठव. कुणीतरी समुद्र दिसावा म्हणून मारली, तेव्हा तिथंही असाच ठोकला होता. आठ वर्षं होता. समुद्र हवा ना, मग बसा बोर्ड बघत.

…बरोबर आहे तुझं. कौन्सिल असा बोर्ड फक्त स्वतःच्या जागेतल्या झाडांसाठी लावते. …आणि कुंपण आपल्या जागेत आहे. …मग? मग कसा लावला, तेच सांगते. पण क्रमाने सांगते. …हो, हो… अरे, ऐक ना. तुला कुठं जायचंय का? …नाही ना. किर्स्टी आहे घरी? …पोरांच्या मॅचला गेलीय. चांगलं झालं. खुर्ची घे."

त्या रस्त्यावरच्या प्रत्येकाने समुद्र दिसतो म्हणून घर घेतलं होतं. नोएलीन एकटीच अशी, जिने तो झाकला होता. घर आणि पाणी यांच्यामध्ये तिचं कुंपण, म्हणजे जांभळाच्या जातीच्या लिली पिलीची एकोणीस झाडं, खांद्याला खांदा लावून, डोक्याच्याही वर गेलेली. लोक तिला वेडी म्हणायचे. म्हणू दे. चाळीस वर्षांपूर्वी तिचा थोरला, डॅरिल, सोळा वर्षांचा, समोरच्या खडकांवर गळ टाकून बसला होता आणि एका लाटेने त्याला उचलून नेलं. सिंकसमोरच्या खिडकीतून ते खडक दिसायचे. त्याच हिवाळ्यात मर्वने, तिच्या नवऱ्याने, एकोणीस रोपं आणून लावली. तिला विचारलं नाही. तिने पाणी घातलं. ती भांडी घासत राहिली आणि समोरचं पाणी वर्षा-वर्षाने खाली जात गेलं. सहाव्या वर्षी दिसेनासं झालं. मर्वला जाऊन आता बारा वर्षं होऊन गेली होती.

"जानेवारीत सुरू झालं. …हो, तुला तेव्हाच सांगितलं होतं. पानं आधी पिवळी, मग तपकिरी, मग कुरकुरीत, हात लावला की चुरा. तू काय म्हणाला होतास, आठवतं? …नाही आठवत. मला आठवतं. म्हणालास, आई, झाडांचंही वय होतं. आणि खारा वारा असतो तुमच्याकडे. चाळीस वर्षं खारा वारा खाऊनच वाढली ती. त्यांना तो यंदाच कसा बाधला, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी आपली वेड्यासारखी पाणी घालत बसले. ते समुद्राच्या शेवाळाचं औषध मिळतं ना, बादलीला एक झाकण. एकोणीस झाडं, एकोणीस बादल्या, दिवसाआड. गुडघा तिथंच गेला माझा. …आता कशाला विचारतोस? आत्ताच म्हणाले ना, बरा आहे.

मग मला वाटलं, हा त्या नाइजेलचा उद्योग. …मागच्या घरातला रे. काचेच्या पेटीत राहतो तो. दातांचा डॉक्टर होता, रिटायर होऊन आलाय. त्याच्या खालच्या मजल्यावरून समुद्र दिसत नाही, मध्ये माझं कुंपण. दोनदा आला होता विचारायला, थोडं छाटता का म्हणून, वाइनची बाटली घेऊन. …नाही म्हटलं. …बाटली ठेवून घेतली, हो. तेव्हा मला दुसरं कोण सुचणार?

मग मी काय केलं, हे तुला सांगितलेलं नाही. …कोळंबीची डोकी. नाताळची पिशवीभर फ्रीजरमध्ये होती ना, वास सुटू नये म्हणून आपण कचऱ्याच्या दिवसापर्यंत ठेवतो ती. सुट्टीच्या गडबडीत टाकायची राहून गेली होती. शुक्रवारी गाडी सगळ्यांचे डबे रिकामे करून गेली, तिची धूळ खाली बसायच्या आत मी ती त्याच्या डब्यात उपडी केली. चाळीस डिग्री होतं त्या आठवड्यात. पुढची गाडी सात दिवसांनी. …हस. मीही हसले होते. त्याच्या पुढच्या शुक्रवारी परत टाकली. …विकत आणली, हो, मुद्दाम. खायची इच्छा नव्हती, डोक्यांसाठी आणली. …वयाचं काय त्यात? डब्याचं झाकण जड नसतं.

तिसऱ्या शुक्रवारी पकडली त्याने मला. पिशवी हातात, झाकण उघडं. मी तोंडावर म्हटलं, तू माझी झाडं मारतोस, मी तुझं नाक मारते. आणि तो माणूस चिडला नाही, ब्रेट. म्हणाला, मला बघू देता का झाडं? …हो, आला. पांढरी पँट होती, तसाच गुडघे टेकून मातीत बसला. आयुष्यभर लोकांच्या तोंडात बॅटरी मारून बघितलंय त्याने. खोडाच्या बुडाशी बॅटरी मारली आणि मला म्हणाला, नोएलीन, इथं कुणीतरी ड्रिल केलंय. आणि भोक भरलंय. आणि भरायचं काम अगदी वाईट केलंय."

पलीकडे काहीच ऐकू येईना. ही शांतता नोएलीनला ओळखीची होती. आठ वर्षांचा असताना त्याने न्हाणीघराची काच फोडली, तेव्हाही तो दाराआड असाच श्वास धरून उभा होता, आपण दिसलो नाही तर घडलंच नाही अशा हिशेबाने. तेव्हा तिने त्याला स्वतःहून बाहेर येऊ दिलं होतं. आज तिला तेवढा धीर नव्हता.

"आहेस का? …नाही, मला वाटलं लाइन गेली.

एकोणीसपैकी अकरा झाडं. प्रत्येकाला दोन भोकं, घोट्याच्या उंचीवर, समुद्राच्या बाजूने, म्हणजे घरातून दिसायला नकोत. आत तणनाशक. वरून पुट्टी, बरोबर खोडाच्या रंगाची. नाइजेल काही म्हणो, मला तर ते दिसलं नसतं. पण मुंग्या लागल्या होत्या. …मुंग्या रे. प्रत्येक भोकाला रांग. नाइजेल म्हणाला, पुट्टीला कशा मुंग्या लागतील? …तुला काय वाटतं, कशा लागतील?

…माहीत नाही. बरं.

मी नखाने जराशी खरवडली आणि जिभेवर ठेवली. …हो, ओरडला ना नाइजेल माझ्यावर, विष आहे म्हणून. थुंकले मी लगेच, चूळ भरली. पण चव कळली मला. व्हेजिमाइट."

व्हेजिमाइट, पावाला लावायचं ते काळं, खारट. मर्व बोटींचा सुतार होता. लाकडाच्या रंगाची पुट्टी दुकानात डब्यात मिळते, सगळे तीच आणतात. मर्वला तो पैशांचा चुराडा वाटायचा. तो साधी पांढरी पुट्टी घ्यायचा, तिच्यात व्हेजिमाइटचं बोट बुडवून मळायचा आणि लाकडाला असा रंग जुळवायचा की भोक कुठं होतं ते त्याचं त्यालाही सापडू नये. उन्हाळ्यात घरातल्या सगळ्या दारांना मुंग्या यायच्या आणि नोएलीन त्याच्या नावाने बोटं मोडायची. दुसऱ्या कुणी असं केलेलं तिने पाहिलं नव्हतं. ही विद्या मर्वने फक्त आपल्या दोन मुलांना शिकवली होती. त्यातल्या एकाला समुद्राने नेलं होतं.

"…मी कुठं काय म्हणाले? मी फक्त व्हेजिमाइट म्हणाले. तू कशाला 'आई, ऐक' म्हणतोस?

…नाही, तू ऐक. नाताळच्या दुसऱ्या दिवशी मी बोल्स क्लबला खेळायला निघाले, तर तू म्हणालास, मी थांबतो, मागचं फाटक दुरुस्त करतो. केवढं कौतुक वाटलं मला. क्लबात सगळ्या बायकांना सांगितलं, माझा ब्रेट सुट्टीतसुद्धा माझं फाटक दुरुस्त करतोय. फाटक अजून कुरकुरतंय. …ड्रिल मर्वचं घेतलंस ना, हाताने फिरवायचं? …हो, त्याचा आवाज होत नाही. म्हणजे विचार केलास. बावीस भोकं, ब्रेट. एका भोकाला तीन मिनिटं धरली तरी तास होऊन जातो. तासाभरात एकदासुद्धा हात थांबला नाही?

…माझ्यासाठी.

…माझ्यासाठी केलंस. कसं ते जरा समजावून सांग, माझं डोकं आता चालत नाही.

…हो. म्हणाले होते. …नाताळच्या जेवणाला, हो. किर्स्टीने त्या म्हाताऱ्यांच्या वसाहतीचं माहितीपत्रक माझ्या ताटाशेजारी ठेवलं, हॅमच्या बशीला टेकवून, आणि मी म्हणाले, कुंपण गेलं की मीही गेले. …सगळ्यांसमोर म्हणाले. नाही कुठं म्हणतेय? पण माणूस असं कधी म्हणतं रे? हलणार नाही, विषय बंद, असं सांगायचं असतं तेव्हा. बाकी माझं चाळीस वर्षांत काही ऐकलं नाहीस, हे बरोबर ऐकलंस. आणि दुसऱ्याच दिवशी कामाला लागलास.

…पडले होते. बाथरूममध्ये पडले होते, मेले नव्हते. …एकटी नाही. नाइजेल आहे मागे. …हो, तोच, कोळंबीवाला. रोज येतो. चार दिवस बसून त्याने बावीसच्या बावीस भोकं कोरून साफ केली, किडलेले दात करतात तशी. विष मुरलेलं लाकूड जेवढं निघेल तेवढं काढलं, हवाबंद पिशवीत भरून ठेवलं पुरावा म्हणून. मग मुळाशी पाणी, पाइप लावून, दिवसचे दिवस, मातीतलं धुऊन निघावं म्हणून. आणि मग छाटणी. …सगळी. चांगली आठसुद्धा. गुडघ्याइतकी ठेवली. लिली पिलीच्या अंगात काही उरलं असेल तर ती बुडातून परत फुटते, पण तिला सोलून काढल्यासारखं कापावं लागतं. …मी कापली. नाइजेल करतो म्हणत होता, मी करू दिलं नाही. तुझ्या बापाने लावलेलं दुसऱ्याने का कापायचं? तू तेवढा एक पुरे होतास.

आता बोर्डाचं सांगते. …नको? आता नको कसं? त्यासाठीच तर फोन केलास.

तुझ्या बापाने ती झाडं लावताना जागा कशी मोजली, ठाऊक आहे? पावलांनी. भिंतीपासून तीस पावलं. डॅरिलला जाऊन पंधरा दिवस झाले होते आणि मर्व सकाळपासून बिअर पीत होता. त्या दिवशी त्याची पावलं लांब पडली. दीड मीटरने लांब. दोन वर्षांनी मोजणीवाले खुंट्या ठोकायला आले, तेव्हा आम्हाला कळलं, अख्खं कुंपण कौन्सिलच्या जागेत. …हो. …तुला कसं माहीत असणार? कुणालाच नव्हतं. मर्व मरेपर्यंत दर रविवारी त्या पट्ट्यातलं गवत कापायचा, आपलंच वाटावं म्हणून. मला शपथ घातली होती त्याने. कौन्सिलला कळलं तर उपटून टाकतील. चाळीस वर्षं कौन्सिलची गाडी दिसली की मी पडदा ओढत आले.

आणि मग मीच गेले. …बसने. त्यांच्या झाडांच्या खात्यात एक बाई आहे, तौफा म्हणून, टोंगा बेटांकडची, उंच, थोराड, एकदम शांत बोलते. तिला म्हटलं, बाई, तुमच्या जागेतल्या अकरा झाडांना कुणीतरी विष घातलंय. ती नकाशा बघून म्हणाली, ते तुमचं कुंपण आहे ना? मी म्हटलं, नाही. कधीच नव्हतं.

…वेड नाही लागलं मला. …हो, पट्टा गेला. जाऊ दे गेला तर. आपलं असतं ना, ब्रेट, तर ही आई आणि मुलातली गोष्ट झाली असती. मी चार दिवस रडले असते, तू फुलं पाठवली असतीस. आता ती सरकारी झाडं आहेत.

…उपटणार नाहीत. विचारलं मी. विष घालून मारलेलं झाड परत वाढवायचं, हाच त्यांचा नियम. कागदावर लिहून दिलंय तिने. माझ्या मागेही ते कुंपण राहील, कुणी हात लावू शकणार नाही. आणि बोर्ड कुठं ठोकायचा ते बघायला ती आली, तेव्हा मी तिला घरात आणली, या सिंकपाशी उभी केली आणि म्हटलं, इथून पाणी दिसता कामा नये.

…ट्रेंट बरोबर बोलतोय. असलं घर कोण घेईल? रस्त्याने जाणाऱ्या गाड्या हळू होतात इथं. लोकांना वाटतं, मीच केलं. मग, घर माझं, समुद्र माझ्या खिडकीत, आणखी कोण करणार? बोल्स क्लबात परवा माझ्या टेबलावरची खुर्ची रिकामी होती, डोरीन उभी राहून चहा प्यायली पण बसली नाही. …हो, होतो त्रास. नऊ दिवस सोसतेय.

…काय म्हणालास?

…परत म्हण."

नोएलीनने नळ बंद केला.

"…पाच. हो, डॅरिल गेला तेव्हा पाच वर्षांचा होतास तू.

…वाढदिवसाला नव्हता केला केक. …पुढच्या वर्षीही नाही. …हो. झाडांना पाणी मी रोज घालायचे, एक दिवस चुकवला नाही. …शाळेतून आणायला विसरले होते तुला. एकदा. …तीनदा?

…तू मोजलंस तर तीनदाच असेल.

…नाही, बोल. थांबू नकोस. …हं. …हं. …म्हणजे घरात जेवायला चौघं होतो, तू, मी, मर्व आणि कुंपण. असंच म्हणायचंय ना तुला? …आणि तू चौथा.

…मग माझ्यासाठी केलं असं कशाला म्हणालास? हे आधी सांगायचं होतंस. हे बरं आहे. हे निदान खरं आहे. तुला ते मारायचंच होतं, पाच वर्षांचा होतास तेव्हापासून. …मी कुठं म्हणतेय राग येऊ नये म्हणून? यायलाच हवा होता. पण तू तोंडावर आला असतास तर मी ऐकलं असतं, नाही तर मारलं असतं, काहीतरी केलं असतं. तू माझ्या पाठीमागे मर्वचं ड्रिल घेऊन वाकून बसलास, आणि संध्याकाळी जेवणानंतर माझ्या हातचं गोड, पावलोव्हा, खाल्लंस. दोनदा घेतलंस.

…समुद्र दिसला, हो. कापल्यापासून बोर्ड येईपर्यंत तीन आठवडे. रोज, भांडी घासताना. …खडकही दिसले.

…काय वाटायचंय? पाणी आहे, ब्रेट. नुसतं पाणी. चाळीस वर्षं मला वाटत होतं, तिथं काहीतरी असेल."

तिने नळाची तोटी धरून ठेवली होती, ती आता सोडली. खिडकीबाहेर बोर्डाची काळी अक्षरं उन्हात तापली होती आणि त्याखाली गुडघाभर खुंटांची रांग, हजेरीला उभी केल्यासारखी.

"…नको, रडू नकोस. रडलास की मला तुझा राग येईनासा होतो, आणि मला तो हवाय अजून.

ऐक आता. तौफाने एक कागद दिला होता. माहिती असल्यास कळवावे म्हणतात ना, तो. कुणी केलं, कधी, तुम्हाला कसं ठाऊक. आठवडाभर इथं टेबलावर होता, मिठाच्या बरणीखाली. …हो, कोर्टात जातं ते. पेपरातही येतं. …किर्स्टीला काय सांगायचं, ते तुझं तू बघ. व्हेजिमाइटपासून सुरुवात कर.

तू शनिवारी ये. …या शनिवारी, आणि त्याच्या पुढच्या, आणि त्याच्या पुढच्या. सकाळी सातला, ऊन चढायच्या आत. बादल्या काढून ठेवते मी. एकोणीस. …पाइप आहे, पण तुला मिळणार नाही. बादलीला एक झाकण औषध, आणि बुडाशी घालायचं हळूहळू, खाली बसून. माझा गुडघा गेला, आता तुझा जाऊ दे. …किती दिवस म्हणजे? आत्ताच वाचून दाखवलं की. पूर्वीइतकी उंच होईपर्यंत. …नाइजेल म्हणतो, सहा-सात वर्षं. …मी असेन नाही तर नसेन, तुला पाणी घालायला माझी काय गरज? …तीन तास लागतात तर पहाटे चारला निघ. डबा आपला आपण आण.

…हो. फुटलीत. आठ तर फुटणारच होती. पण तू भोकं पाडलेल्यांतलीही, काल मोजली मी. तीन. …गुलाबी, तांबूस अशी, तांदळाच्या दाण्याएवढी. खोडाच्या बरोबर त्या बाजूने, जिथं तुझं ड्रिल पोचलं नाही. …बाकीच्या आठांचं सांगता येत नाही. म्हणून तर तुला बोलावतेय.

…येशील. बरं."

तिने पुन्हा नळ सोडला आणि खाली बादली सरकवली. पत्र्याच्या तळावर पाणी वाजायला लागलं.

"…काय? …मोठ्याने बोल, पाणी भरतेय. …कागदाचं काय म्हणजे? …अच्छा. म्हणजे तू शनिवारी येणार आणि मी नाव लिहायचं नाही, असं तुला वाटतंय. …मी असं कधी म्हणाले? …मी म्हणाले, आठवडाभर टेबलावर होता. शुक्रवारी पोस्टात टाकला मी तो. …पूर्ण नाव. मधलं मर्व्हिनसुद्धा, स्पेलिंग नीट बघून. …हो, तुला सांगायच्या आधीच. तू मला सांगून भोकं पाडली होतीस का?

…नाही, परत मागवता येत नाही. आणि येत असता तरी.

…अरे, तरी ये. त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, ब्रेट. एक कौन्सिलची, एक माझी. …न येऊन कुठं जाशील? …बरं, विचार कर. पण सात म्हणजे सात. ठेवते मी, बादली भरली."